मु. पो. लोकलहोस्ट, मनवेलपाडा

विरार पूर्वेच्या माणसाला पत्ता नुसता सांगून भागत नाही, सिद्ध करावा लागतो. खरं वाटत नसेल तर मनवेलपाड्यात एकदा खोली भाड्याने घेऊन बघा. अकरा महिन्यांचा करारनामा, पोलीस व्हेरिफिकेशन, सोसायटीची एनओसी, आधारची दोन्ही बाजूंनी झेरॉक्स, दोन फोटो. गॅसवाला म्हणतो पत्त्याचा पुरावा आणा. पत्त्याचा पुरावा देणारा म्हणतो गॅसचं पुस्तक आणा. लाइटचं मीटर बघावं तर ते अजून बिल्डरच्या नावावर, आणि बिल्डर हल्ली कुठे राहतो याचा पुरावा कोणाकडेच नाही. एवढे कागद गोळा करून माणूस गेटवर येतो तेव्हा वॉचमन विचारतो, "कोणाकडे जायचंय?" "माझ्याच घरी," म्हटलं की तो वही पुढे सरकवतो. सही करा.

या चरकातून गेलेल्या माणसाला कॉम्प्युटरमधून ईमेल बाहेर कशी पडते हे निराळं शिकवावं लागू नये. तरी लागतं, आणि आमच्या बिल्डिंगमध्ये ते माझ्याकडे आलं, कारण मी पोटासाठी युनिक्स जातीचे सर्व्हर सांभाळतो. बिल्डिंगच्या लेखी याचा अर्थ 'कॉम्प्युटरवाले' एवढाच. त्या सदरात प्रिंटर, वायफाय, तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंचा सेट-टॉप बॉक्स आणि बी-विंगच्या एका आजोबांचं कानाचं मशीन एवढं सगळं येतं. (मशीनमध्ये बॅटरी उलटी बसली होती. तेवढं जमलं.)

काम तसं चारचौघांत दाखवण्यासारखं नाही. काळा पडदा, पांढरी अक्षरं. १९६९ साली बेल लॅब्जमध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स लिहायला घेतलं, आणि लहानपणापासून त्याला एक वळण लावलं: सांगितलेलं काम झालं तर तोंड उघडायचं नाही. फाइल कॉपी कर म्हटलं, केली, पुढच्या ओळीवर मुकाट उभं. 'झालं बरं का' नाही, हिरवी टिकली नाही. काही बोललंच तर समजावं की बिघडलंय. वर्षानुवर्षं या संगतीत राहून माझंही तसंच झालंय असं बायको म्हणते. मी त्यावर काही बोलत नाही.

आणि बिघडतं ते कधी, तर संध्याकाळच्या विरार फास्टमध्ये. बोरिवली गेली की खिशातला फोन थरथरायला लागतो. हात वरच्या कडीला. तो खाली आणायला जागा नाही. शेजारचा भला माणूस विचारतो, "दादा, काढून देऊ का?" काढून देतो, आणि हातासरशी वाचूनही दाखवतो: "डिस्क नव्वद टक्के भरलीय म्हणे." मागून आवाज येतो, "डबा दोनशे टक्के भरलाय, तो चाललाय ना?" या युक्तिवादाला उत्तर शोधेपर्यंत गाडी भाईंदरच्या खाडीवर येते आणि रेंज जाते. नायगावला ती परत येईपर्यंत डिस्क भरून झालेली असते.

तर आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत ठराव झाला की मेंटेनन्सची बिलं यापुढे कागदावर न काढता ईमेलने पाठवायची. कागद, शाई आणि जिने चढून बिलं दाराखाली सरकवणाऱ्या वॉचमनची कुरकुर, तिन्ही वाचणार होतं. सेक्रेटरी बँकेतून निवृत्त झालेले. खजिनदार अजून नोकरीत आहेत, पण वृत्तीने जन्मजात खजिनदार. हे काम महिन्याला काही रुपये घेऊन करून देणाऱ्या कंपन्या आहेत, असं मी सांगून पाहिलं. खजिनदारांनी त्यातलं 'रुपये' तेवढं ऐकलं.

"तुमचं ते लिनक्स फुकट असतं ना?"

"फुकट असतं."

"आणि मेल पाठवायचं सॉफ्टवेअर?"

"तेही फुकट."

ठराव एकमताने मंजूर. आणि माणूस, असं कोणी विचारलं नाही. तो समोरच बसला होता.

यंत्र ए-विंगमधून आलं. मुलगा इंजिनीअर होऊन पुण्याला गेला, त्याचा जुना कॉम्प्युटर. कीबोर्डवरची डब्ल्यू, ए, एस आणि डी ही चार बटणं झिजून गुळगुळीत झालेली, म्हणजे अभ्यास कसून केलेला दिसत होता. सोसायटीच्या ऑफिसात पंपाच्या स्विचबोर्डाशेजारी त्याची स्थापना झाली. टँकर आला की पंप सुरू होतो, पंप सुरू झाला की दिवे मिचमिचतात, आणि दिवे मिचमिचले की यंत्र दचकून नव्याने सुरू होतं. त्यावर उपाय म्हणून एक यूपीएस आला आणि सेक्रेटरींनी स्वहस्ते लिहिलेली पाटी: 'हे बटण दाबू नये. आदेशावरून.' पाटी लागेपर्यंत ते बटण कोणी दाबत नव्हतं.

डेबियन जातीचं लिनक्स चढवलं. मेलसाठी पोस्टफिक्स घेतलं. वीत्से व्हेनेमा या डच गृहस्थाने आयबीएममध्ये असताना ते लिहिलं आणि १९९८ साली लोकांसाठी मोकळं केलं. त्याआधी या प्रांतात एरिक ऑलमनच्या सेंडमेलचं राज्य होतं. सेंडमेलची कॉन्फिगरेशन फाइल बघितली की टाइपरायटरवर मांजर चालून गेल्याचा भास व्हायचा. त्यावरचा ओरायलीचा ग्रंथ हजारावर पानांचा झाला होता, आणि मुखपृष्ठावर वटवाघूळ. ते चित्र ज्याने निवडलं त्याने पुस्तक वाचलं असणार. पोस्टफिक्स त्या मानाने सज्जन. सुरुवातीला निळ्या पडद्यावर एवढंच विचारतं की बाबा, तुला कोणत्या प्रकारची व्यवस्था हवी आहे. पर्याय पाच: काहीच नको, इंटरनेट साइट, इंटरनेट पण स्मार्टहोस्टमार्फत, सॅटेलाइट सिस्टिम, आणि फक्त लोकल. खजिनदार माझ्या खांद्यावरून वाचत होते.

"यातलं स्वस्त कुठलं?"

"पाचही फुकट."

"मग सॅटेलाइट घ्या. केबलचा भरवसा नाही."

मी 'इंटरनेट साइट' निवडलं. पुढे यंत्राला नाव द्यायचं होतं. यावर कमिटीची खास बैठक झाली. विरार पूर्वेला नाव ठेवायची वेळ आली की डोंगरावरच्या जीवदानी देवीकडे बघायचं अशी रीत आहे. जीवदानी मेडिकल, जीवदानी क्लासेस, जीवदानी स्वीट्स यांच्या पंगतीत जीवदानी सर्व्हर बसला. नारळ फुटला. त्याचं पाणी यूपीएसवर उडाल्यामुळे पुढचा कार्यक्रम दुसऱ्या दिवशी ठेवला.

पहिलं पत्र मी सेक्रेटरींना धाडलं. विषय: 'टेस्ट'. मजकूर: 'टेस्ट'. जगभरच्या सर्व्हरवाल्यांचं एवढंच काय ते ललित लेखन. फार तर 'टेस्ट १', आणि वैतागाच्या भरात 'टेस्ट फायनल २'. पत्र निघालं आणि रांगेत अडकलं. रांग बघायची आज्ञा द्यावी तर दर वेळी तेच उत्तर: पलीकडे कनेक्शन लागत नाही. कारण असं की सर्व्हर एकमेकांना पत्रं देतात ती पंचवीस नंबरच्या पोर्टवरून, आणि घरगुती ब्रॉडबँड देणारे बहुतेक लोक हे दार बाहेरच्या बाजूने बंदच ठेवतात. व्हायरस लागलेले घरचे कॉम्प्युटर याच दाराने जाहिरातींचा पूर सोडायचे, म्हणून. मी आमच्या इंटरनेटवाल्याला फोन केला.

"पंचवीस नंबर उघडून द्या."

"पंचवीसचा प्लॅन बंद झाला, साहेब. आता शंभरपासून सुरू."

बरीच समजूत घातल्यावर त्याने वरच्या माणसाला विचारलं, वरच्याने त्याच्या वरच्याला. शेवटी जादा पैसे घेऊन त्यांनी आम्हाला स्वतंत्र आयपी नंबर दिला आणि दार उघडलं. तोवर आमचा आयपी आसपासच्या अनेक इमारतींत मिळून एकच होता. म्हणजे पलीकडच्या चाळीत कोणी चोरीचा सिनेमा उतरवताना व्हायरस पकडला की बट्टा आमच्या जीवदानीला. खजिनदारांनी जादा पैशांची पावती मागितली आणि वहीत 'फुकट सॉफ्टवेअर' या नोंदीखाली ती टाचली.

आता दार उघडं होतं, पण उंबरठ्यावर विचारपूस सुरू झाली. मेल सर्व्हर एकमेकांशी बोलतात ते बोलणं माणसाला वाचता येतं, हवं तर हाताने टाइप करूनही करता येतं. पलीकडचा म्हणतो '२२०', म्हणजे बोला. आपण म्हणायचं 'हेलो' आणि पुढे आपलं नाव. मग पत्र कोणाकडून, कोणाला, मजकूर काय. मजकूर संपला की एका ओळीवर एकटा पूर्णविराम. सगळं मनासारखं झालं की पलीकडून '२५०', म्हणजे ठीक. चारशेच्या घरातला आकडा आला तर सध्या नाही, पाचशेच्या घरातला आला तर कधीच नाही. आम्ही म्हटलं, "हेलो जीवदानी." उत्तर आलं ५०४. पूर्ण नाव सांगा. विरार पूर्वेत ज्या नावाने कुठलाही रिक्षावाला नेऊन सोडतो, त्याला पलीकडे कोणी ओळखत नव्हतं. काही यंत्रं तर याहून भोळी असतात. आपलं नाव 'लोकलहोस्ट' असं सांगतात, म्हणजे 'मी इथलाच.' त्यांना गेटवरूनच परत पाठवतात.

एक काळ असा होता की हे कोणी विचारत नव्हतं. जॉन पोस्टेलने १९८२ साली मेल देवाणघेवाणीचे नियम लिहिले. त्यात पत्र कोणाकडून आलंय हे पाठवणाऱ्याने सांगायचं आणि घेणाऱ्याने मानायचं, इतका साधा कारभार होता. नेटवर्कवर मोजकी विद्यापीठं आणि प्रयोगशाळा. सगळे एकमेकांना ओळखून. कोणाचंही पत्र कोणीही पुढे नेऊन द्यायचं. नाही म्हणायला १९७८ सालीच डिजिटल इक्विपमेंट कंपनीच्या गॅरी थ्युर्कने सुमारे चारशे जणांना एकदम कॉम्प्युटरची जाहिरात पाठवून पुढच्या काळाची चुणूक दाखवली होती. लोक चिडले. थ्युर्कच्या म्हणण्याप्रमाणे माल मात्र खपला. १९८८ च्या नोव्हेंबरात रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याने सोडलेला किडा सेंडमेलच्याच एका उघड्या फटीतून हजारो यंत्रांत शिरला, तेव्हापासून कड्या लागायला लागल्या.

आपल्याकडेही हा भोळा काळ येऊन गेला. १९८६ साली सरकार आणि संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने अर्नेट सुरू झालं, त्यातल्या आठ संस्थांपैकी एक मुंबईत जुहूला होती, एनसीएसटी. तेव्हा सतत जोडलेली लाइन ही चैन होती. पत्रं साठवायची, टेलिफोन लावायचा, गठ्ठा पुढे ढकलायचा, फोन ठेवायचा. पत्त्यात तर माणसाचं ठिकाण नव्हे, वाटच लिहावी लागायची: या यंत्रावरून त्या यंत्रावर, तिथून पलीकडच्या यंत्रावर, प्रत्येक टप्प्यानंतर एक उद्गारचिन्ह. ती वाट वाचतानाच दम लागायचा. मग १५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएलने इंटरनेट सगळ्यांसाठी खुलं केलं. स्वस्तातलं खातं म्हणजे शेल अकाउंट. त्यात चित्र नाही, माउस नाही, थेट युनिक्सचा काळा पडदा आणि त्यावर पाइन नावाचा मेल प्रोग्रॅम. मुंबईतल्या एका अख्ख्या पिढीने पहिली ईमेल युनिक्सवर बसून लिहिली आणि तिला कोणी सांगितलंही नाही की हे अवघड असतं. विरारची गोष्ट थोडी निराळी. मुंबईचा कोड ०२२, आमचा ०२५०. लोकलने जे गाव मुंबईत होतं ते टेलिफोनच्या हिशेबात परगाव. मॉडेम मुंबईला लावायचा म्हणजे एसटीडी. पाइनमध्ये पत्र वाचताना मिनिटांचा हिशेब डोक्यात चालू.

असो. जीवदानीला पूर्ण नाव हवं म्हणून डोमेन विकत घेतलं, डॉट इन मधलं. (हे डॉट इनचं दप्तरही १९८९ पासून दीड दशक जुहूच्या त्याच एनसीएसटीकडे होतं.) वर्षाची फी भरताना खजिनदारांनी विचारलं, "हे नाव आपलंच ना? मग भाडं कसलं?" मला उत्तर सुचलं नाही. अजून सुचलेलं नाही.

नाव मिळालं, मग पलीकडच्यांनी उलट तपास केला. तुम्ही नाव सांगता ते ठीक, पण तुमच्या आयपी नंबरवर कोण राहतं असं आम्ही नंबराच्या मालकाला विचारलं, तर तो भलतंच लांबलचक, आकड्यांनी भरलेलं नाव सांगतो. याला रिव्हर्स डीएनएस म्हणतात, आणि ती नोंद आपल्या हातात नसते. ज्याने नंबर दिला त्याच्या हातात असते. फ्लॅट आपला, मीटर बिल्डरच्या नावावर, हेच इथेही. पुन्हा इंटरनेटवाला, त्याचा वरचा, वरच्याचा वरचा. मीटर आमच्या नावावर झालं.

त्यानंतर तीन कागद. पहिला एसपीएफ: आमच्या डोमेनच्या नावाने पत्र पाठवायची मुभा अमुक यंत्राला आहे, अशी जाहीर नोटीस. दुसरा डीकेआयएम: प्रत्येक पत्रावर उमटणारा सोसायटीचा गोल शिक्का, फक्त तो गणिताचा असतो आणि त्याची खूण पडताळायला जगापुढे टांगून ठेवावी लागते. तिसरा डीमार्क: हे दोन जुळले नाहीत तर पत्राचं काय करायचं याची सूचना. फेब्रुवारी २०२४ पासून गुगल आणि याहू यांनी घाऊक पत्रं पाठवणाऱ्यांना हे तिन्ही कागद सक्तीचे केले. आम्ही काही घाऊक नव्हे, छप्पन फ्लॅट. पण कागद तयार असलेला बरा, हे मनवेलपाड्यात कोणाला पटवावं लागत नाही.

एसपीएफच्या ओळीच्या शेवटी एक चिन्ह असतं. उणे टाकलं तर अर्थ होतो, बाकी कोणीही आमच्या नावाने आला तर सरळ हाकला. तरंगती रेघ टाकली तर, बाकीचे बहुधा आमचे नव्हेत, तरी तुमचं तुम्ही बघा. मी हे कमिटीपुढे ठेवलं. अर्धा तास चर्चा झाली. शेवटी सेक्रेटरी म्हणाले, "एकदम हाकला असं नको. वाईट दिसतं." तरंगती रेघ मंजूर झाली. जगातल्या असंख्य कंपन्यांनी तज्ज्ञांना पैसे मोजून हाच निर्णय घेतला आहे.

याच सुमारास रूटचं प्रकरण उपटलं. युनिक्समध्ये रूट हा सर्वाधिकारी खातेदार. रात्री-अपरात्री ठरावीक वेळी कामं उरकणारा क्रॉन नावाचा प्रोग्रॅम असतो. कामात काही बोलण्यासारखं निघालं की तो रूटला पत्र टाकतो. हे पत्र कुठेही जात नाही, यंत्राच्याच पोटातल्या एका फाइलमध्ये साठतं. जगातल्या बहुतेक रूटांनी आपलं टपाल आयुष्यात उघडलेलं नाही. एका ऑफिसात मी नव्याने रुजू झालो तेव्हा रूटच्या पेटीत हजारो पत्रं तुंबलेली होती आणि सगळ्यांचा आशय एकच: बॅकअप झाला नाही. यंत्राने दर रात्री, इमानेइतबारे, न रागावता कळवलं होतं. म्हणून नवीन यंत्रावर पहिलं काम म्हणजे एलियासच्या फाइलमध्ये एक ओळ लिहून रूटचं टपाल कुठल्या तरी जित्या माणसाकडे वळवणं. जबाबदार पदाधिकारी म्हणून मी सेक्रेटरींचा पत्ता घातला.

डेबियनची रोजची कामं सकाळी सहा पंचवीसला चालतात. साडेसहाला सेक्रेटरींचा फोन.

"हा रूट कोण? कुठल्या विंगचा?"

"काका, तो माणूस नाही, तो..."

"आणि हे क्रॉन डेमन? वसई गावातले का? तिकडे असतात अशी आडनावं. आपल्याकडे भाड्याने आलेत का? व्हेरिफिकेशन झालंय?"

मी सांगितलं की क्रॉन डेमन ऑफिसातच राहतो, पंपाशेजारी. क्षणभर शांतता. मग ते म्हणाले, "कोणाच्या परवानगीने?"

इकडे पत्रं जायला लागली होती, पण काही ठिकाणी ४५० मिळत होता: आत्ता नाही, थोड्या वेळाने या. याला ग्रेलिस्टिंग म्हणतात. अनोळखी पाहुण्याला पहिल्यांदा परत पाठवायचं; प्रामाणिक असेल तर परत येईल, भुरटा असेल तर दुसरं दार बघेल. कचेरीतला 'उद्या या' हा शब्द ज्याने कॉम्प्युटरमध्ये आणला त्याला आमच्या तहसीलदार कचेरीने शाल-श्रीफळ द्यायला हरकत नाही. पोस्टफिक्स मात्र चिकाटीचा. मधे थांबत, परत जात, पाच दिवस खेपा घालतो. पाच दिवसांनी हात टेकतो आणि पत्र पाठवणाऱ्याकडे साभार परत करतो, खाली सही 'मेलर डेमन'. सेक्रेटरींनी विचारलंच, "हे त्या क्रॉनसाहेबांचे भाऊ का?"

आणि मग काळी यादी. स्पॅमहाउस म्हणून संस्था आहे, १९९८ साली सुरू झालेली. जगभरचे मेल सर्व्हर तिच्या याद्या बघून दार उघडायचं की नाही ते ठरवतात. तिची एक यादी अशी आहे की तिच्यात नाव यायला गुन्हा करावा लागत नाही. घरगुती जोडण्यांच्या आयपी नंबरांचे पट्टेच्या पट्टे तिच्यात असतात, कारण अशा वस्तीतून थेट पत्रं येऊ नयेत असं गृहीत आहे. आमचा नवा, पैसे मोजून घेतलेला नंबर अशाच एका पट्ट्यात निघाला. कर्ज देणारे पिनकोड ऐकून फोन ठेवतात तेव्हा जे वाटतं ते जीवदानीलाही वाटलं असेल. नाव काढून घेता येतं, अर्ज आहे. पण एका यादीतून निघालं तरी बड्या मेलकंपन्यांची आपापली खासगी मतं असतात, ती कुठे लिहिलेली नसतात आणि त्यांच्यावर अपील नसतं.

माझं मत विचाराल तर ईमेल ही इंटरनेटवरची मोकळी राहिलेली शेवटची मोठी वस्ती. तत्त्वतः आजही कोणीही जुनं यंत्र मांडून इथे घर करू शकतो, कोणाची परवानगी लागत नाही. व्यवहारात तुमचं घर घर आहे की झोपडं हे दोन-चार मोठे बिल्डर ठरवतात. आणि चीड येते ती अशी की त्यांचंही पुरतं चुकत नाही. गेट सताड ठेवलं तेव्हा काय काय आत आलं ते सगळ्यांनी बघितलं आहे.

शेवटी मी तडजोड केली. पत्रं स्वतः थेट नेऊन द्यायची नाहीत. सगळी एका नावाजलेल्या रिले कंपनीकडे सोपवायची, पोर्ट ५८७ वरून, नाव आणि पासवर्ड देऊन, म्हणजे पुढचं ती बघेल. पोस्टफिक्समध्ये यासाठी मोजक्या ओळी लागतात. 'रिलेहोस्ट' ही त्यातली मुख्य. नव्याने सेटिंग करताना तो निळा पडदा परत आला, पाच पर्यायांचा. स्वतः काही वाटायचं नाही, सगळं दुसऱ्या यंत्राकडे सोपवायचं, या व्यवस्थेचं नाव 'सॅटेलाइट सिस्टिम'. खजिनदार खांद्याशी उभेच होते.

"मी पहिल्याच दिवशी काय म्हणालो होतो?"

रिलेचे महिन्याला काही रुपये पडतात. 'किरकोळ' या सदरात मंजूर झाले.

एक कसोटी उरली होती, मराठीची. मूळ नियम लिहिले तेव्हा पत्रात इंग्रजी कळपाटावरची अक्षरं तेवढी येणार अशी समजूत होती. देवनागरीचं एकेक अक्षरचिन्ह तीन बाइट खातं आणि ते विषयाच्या ओळीत तसंच्या तसं टाकलं तर वाटेतलं एखादं जुनाट यंत्र त्याची प्रश्नचिन्हं करून टाकतं. बिल बनवणारा आमचा प्रोग्रॅम जुना. पहिल्या खेपेला छप्पन घरांत जे पत्र गेलं त्याचा विषय होता '?????? ?????', खाली रक्कम बरोबर. सी-विंगमधून लगेच उत्तर आलं: 'आम्हालाही हाच प्रश्न आहे.' विषय नीट गुंडाळून पाठवायची सोय मेलमध्ये १९९० च्या दशकापासून आहे. ती लावली, आणि दुसऱ्या खेपेला 'देखभाल शुल्क' सुखरूप पोहोचलं. नको त्याला नको तेवढं स्पष्ट पोहोचलं, अशीही एक तक्रार आली.

आता बिलं दर महिन्याच्या पाच तारखेला जातात. रूटचं टपाल माझ्याकडे वळवलंय. पाटी अजून आहे. कोणाला बिल मिळालं नाही, तर वॉचमनला विचारू नका. स्पॅमच्या फोल्डरमध्ये बघा. बिल तिथे सापडलं तर नुसतं वाचून सोडू नका, वरचं 'नॉट स्पॅम' दाबा. त्या एका बटणाने मेलकंपनीच्या दरबारी आमच्या यंत्राची पत थोडी वाढते. आणि बिल इनबॉक्समध्येच आलेलं असेल, तर ते पंधरा तारखेच्या आत भरा. त्यानंतर व्याज लागतं, आणि ती नोटीस अजूनही कागदावर येते, दाराखालून.